हेडविगला फिरवून आणलं त्या दिवशी

माणसांना कुत्र्याची दया येते, मांजराची येते, एखाद्या लंगड्या बदकाचीसुद्धा येते. सांडपाण्याच्या टाकीची दया मात्र कुणाच्या बापाला येत नाही. सोळा वर्षं हॉलर्सविलचा प्राण्यांचा निवारा चालवतेय मी, अनुभवाने सांगते. तीन पायांच्या कुत्र्याचा फोटो किराणा दुकानात लावला की संध्याकाळपर्यंत खालचा डबा भरतो. तिथेच लिहा, 'आमची टाकी फुटली आहे, मदत करा', की लोक पावाचा पुडा उचलतात आणि डब्याला वळसा घालून निघून जातात.

आणि आमची टाकी फुटली होती. मे महिन्यात राज्याच्या तपासणीच्या बाई आल्या. बाई चांगल्या होत्या. सगळ्या कुत्र्यांचे कान खाजवले, मांजरांच्या खोलीत अर्धा तास बसल्या, आणि जाताना माझ्या हातात कागद ठेवला. एकतीस ऑगस्टच्या आत नवी टाकी आणि नवे पाइप, नाहीतर परवाना रद्द. परवाना गेला की आमची तेवीस कुत्री आणि एकतीस मांजरं जिल्ह्याच्या मोठ्या कोंडवाड्यात जाणार. तिथे सात दिवस ठेवतात. सात दिवसांत कुणी घरी नेलं तर नेलं, नाहीतर सुई. आमच्याकडची निम्मी जनावरं म्हातारी. बर्नीसारख्या बहिऱ्या, दात पडलेल्या कुत्र्याला सात दिवसांत कोण नेणार होतं? कुणी नाही.

खोदकामवाल्याने अठरा हजार डॉलर सांगितले, आणि तेही फावडं लावायच्या आधी. आमच्याकडे आठ होते. जुन्या कपड्यांची विक्री करून झाली, शुक्रवारी तळलेल्या माशांची जेवणं घालून झाली, चर्चच्या बायकांनी केक विकले. गावच्या पंचांनी दीड हजार दिले आणि वर दीड तास उपदेश दिला. बँकेतल्या माणसाने नुसती कॉफी पाजली. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणतात ना? आमचं उलटं. कुत्रीही आवरायची आणि भीकही मागायची. नाकी नऊ आले होते माझ्या.

तेव्हा लाइल मला म्हणाला, "आर्डिस, तू गाय लाव."

लाइल आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. साठीचा गडी, बोलायला कंजूस आणि नियमाला पक्का. आमच्या भागात गाय लावणं काही नवीन नाही. विस्कॉन्सिनमध्ये माणसाला विचारून गाय मिळत नाही असं कधी झालंय का? मैदानावर चुन्याने चौकोन आखायचे, एकेक चौकोन विकायचा, आणि ठरल्या दिवशी गाय सोडायची. ती ज्या चौकोनात शेण टाकेल, त्या चौकोनाच्या मालकाला बक्षीस. उरलेले पैसे ज्याने गाय लावली त्याचे.

आम्ही पाचशे चौकोन आखायचं ठरवलं. एक चौकोन पंचवीस डॉलरचा. जिंकणाऱ्याला अडीच हजार, आमच्या टाकीला दहा हजार. हिशेब असा बसला की मला रात्री झोप लागली.

नियम लाइलने लिहिला आणि प्रत्येक तिकिटामागे छापून घेतला. चार वर्षांपूर्वी अग्निशमन दलाने गाय लावली होती तेव्हा ती रात्री नऊपर्यंत हललीच नाही, आणि दोन सख्ख्या चुलतभावांनी बिअरच्या पिंपाशेजारी एकमेकांचे शर्ट फाडले होते. म्हणून लाइलने आता लिहिलं: खेळ बाराला सुरू. गाईला हात लावायचा नाही, चारायचं नाही, ओरडून घाबरवायचं नाही. पाच वाजेपर्यंत शेण पडलं नाही, तर ज्याला हवेत त्याला पैसे परत. पहिला परतावा हातात पडला की खेळ संपला आणि सगळ्यांचे पैसे परत.

"पाच तास!" मी म्हटलं. "अरे, गाय आहे का संत आहे? दर दोन तासांनी करतेच की ती."

"नियम असलेला बरा," लाइल म्हणाला.

पाचशेच्या पाचशे चौकोन गेले. ऑर्फा आजी ब्याऐंशी वर्षांच्या, पेन्शनवर राहतात, त्यांनीसुद्धा पाच घेतले. मी चार घेतले. जुलैचा शेवटचा शनिवार ठरला.

गाय व्हर्लिन चान्झची. हेडविग नाव तिचं. तपकिरी, मोठ्या डोळ्यांची, अंगाने भरलेली. व्हर्लिनने साडेदहाला तिला आमच्या दारात उतरवलं, दोरी कोरिनच्या हातात दिली आणि "गवत कापायचं राहिलंय, बाराला येतो" म्हणून गेला. कोरिन म्हणजे आमची सगळ्यात जुनी स्वयंसेवक. तीस वर्षं शाळेत नर्स होती. पोरांच्या नाकातून मणी काढून काढून अंगात एक शिस्त मुरलेली. तिच्याइतकं मनापासून काम करणारी बाई मी पाहिली नाही.

मी मैदानावर खुर्च्या मांडत होते. पावणेबाराला कोरिन हेडविगला घेऊन आली. घामाघूम झालेली, पण चेहरा कसा फुललेला.

"झालं गं सगळं," ती म्हणाली. "एकदम मोकळी करून आणलीय."

"काय केलंस?"

"फिरवून आणलं. ओढ्याच्या कडेने, चांगला तासभर. तीनदा केली तिने! तिसऱ्यांदा अगदी थोडीशीच. सगळं उचलून टाकलं हं मी, रस्त्यावर काही ठेवलं नाही."

आमच्या निवाऱ्याच्या दारावर सोळा वर्षांपासून एक पाटी आहे. माझ्याच अक्षरात. 'कोणतंही जनावर लोकांसमोर नेण्याआधी त्याला फिरवून मोकळं करून आणावं.' कारण घरी न्यायला आलेल्या माणसाच्या बुटावर कुत्र्याने केलं की तो माणूस परत येत नाही. तो नियम मी प्रत्येक नव्या माणसाच्या डोक्यात हातोडीने ठोकते. आणि आज कोरिनने तो पाळला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बये!" मी ओरडले. "आज आपण काय विकलंय? काय विकलंय आपण पाचशे लोकांना?"

कोरिनने हेडविगकडे पाहिलं. मग चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाचा रंगच गेला.

"अरे देवा," ती म्हणाली.

पुढे मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शाळेतल्या पोरांना बरं करायला अक्कल लागत नव्हती का, असंही काहीतरी बोलले. ती दोरी माझ्या हातात देऊन आत कुत्र्यांकडे निघून गेली. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं, पण राग नाकावर बसलेला असला की मला बाकी काही दिसत नाही.

बाराला हेडविग मैदानात शिरली. चारशेवर माणसं दोरीबाहेर. टाळ्या झाल्या. ती मधोमध चालत गेली, चहूकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि बसली. आणि रवंथ करायला लागली.

एक वाजला. लोक सॉसेज खात होते, लिंबू सरबत पीत होते. हेडविग रवंथ करत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी ती उठली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. तिने शेपूट उचललं. आणि तिने धो धो मूत सोडला.

"हे धरायचं का?" कुणीतरी विचारलं.

"नाही," लाइल म्हणाला. "नियमात शेण आहे."

ती आणखी चार पावलं चालली आणि पुन्हा बसली. मी मनातल्या मनात त्या गाईला अशा शिव्या दिल्या की जनावरांचा निवारा चालवणाऱ्या बाईने देऊ नयेत.

तीन वाजता मात्र मला राहवेना. ही माणसं उन्हात बसलीत आणि मी त्यांच्यापासून लपवतेय, हे काही बरोबर नाही. मी लाइलला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने बराच वेळ टोपी हातात फिरवली.

"सांगावं लागेल तुला सगळ्यांना," तो म्हणाला.

मी कर्णा हातात घेतला. "ऐका हो," मी म्हटलं. "गाईला सकाळी फिरवून आणलंय. निवाऱ्याचा नियम आहे तसा, आणि तो नियम माझा आहे. चूक माझी. जाणूनबुजून काही केलेलं नाही."

मग मागून कुणीतरी विचारलं, "किती वेळा केली?"

"तीनदा."

"तिसऱ्यांदा भरपूर का थोडी?"

"थोडी."

मैदानातून एक लांबलचक "अं..." उमटला. गोठ्यात जन्म गेलेली माणसं ती. प्रत्येक जण मनात गणित मांडायला लागला. एक म्हणाला साडेचार, एक म्हणाला सहाच्या आधी नाव नको. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. ऑर्फा आजी तेवढ्या म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम, मग गाय का असेना!" आणि दोन-चार जण हसले. कोरिन दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने नजर फिरवली.

पाच वाजले. हेडविग बसलेली.

लाइलने टेबल लावलं, पैशांची पेटी उघडून ठेवली आणि कर्ण्यात सांगितलं, "पाच वाजले. नियमाप्रमाणे ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी यावं."

तेवीस आणि एकतीस, एवढंच डोक्यात फिरत होतं. आत बर्नी जेवणाची वाट बघत असेल, आणि एकतीस ऑगस्टनंतर त्याला जेवण कोण देणार, हे मला सांगता येत नव्हतं.

पण टेबलाकडे कुणी गेलं नाही.

आमच्या गावातला माणूस दुसऱ्याचं घर जळताना जीव धोक्यात घालून आत शिरेल, पण पहिला हात पुढे करणार नाही. चर्चच्या जेवणात ताटातला शेवटचा तुकडा असाच राहतो. एक जण येतो आणि त्याचा अर्धा कापून घेतो. दुसरा उरलेल्याचा अर्धा घेतो. शेवटी नखाएवढा चुरा राहतो, तो कुणी घेत नाही, आणि तो ताटासकट धुतला जातो. इथेही तेच चाललं.

"तुम्ही व्हा ना पुढे."

"छे छे, मला काही घाई नाही. तुम्ही व्हा."

"आमचं काय, दोनच तिकिटं आहेत."

"आधी लांबून आलेल्यांना घेऊ द्या."

लांबून आलेले होते ते म्हणाले, आम्ही पाहुणे, आधी गावकऱ्यांनी घ्यावेत. सगळे बुटांकडे बघत उभे. एकाने गवताचं पातं उपटून दातात धरलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. लाइल टेबलामागे हात बांधून बसलेला.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, असेच उभे राहा रे बाबांनो, गाय उठेपर्यंत उभे राहा. पण मग माझी नजर ऑर्फा आजींवर गेली. त्या काठीवर भार टाकून उभ्या होत्या, हातात पाच तिकिटं घट्ट धरलेली. सव्वाशे डॉलर म्हणजे त्यांच्या महिन्याभराचं वाणसामान. त्या मेल्या तरी पहिल्या जाणार नव्हत्या. त्यांच्यासारख्या अजून कितीतरी असतील. यांच्या संकोचावर मी माझी टाकी बांधू? सोळा वर्षं मी या लोकांकडून मागून घेतलंय, पण लाजवून कधी घेतलं नाही.

कुणीतरी पहिलं जायला हवं होतं. माझ्याकडे चार तिकिटं होती.

मी चालायला लागले. टेबलापर्यंत जेमतेम तीस पावलं असतील, पण सरता सरेनात. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिकिटं लाइलसमोर ठेवली.

"दे माझे शंभर," मी म्हटलं. "म्हणजे बाकीचे मोकळे होतील."

लाइलने मान वर करून पाहिलं. "नक्की?"

"नक्की. लवकर दे, नाहीतर माझा धीर जाईल."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझी तिकिटं एकेक करून उजेडात धरली. मग पेटीत हात घातला. समोर विसाच्या नोटांची जाडजूड गड्डी होती. तिला बाजूला सारून त्याने तळातून एक-एक डॉलरच्या चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि टेबलावर मोजायला लागला.

"एक. दोन. तीन."

"लाइल, विसाच्या पाच दे ना!"

"सुट्टे संपवायचेत. चार. पाच."

एकेक नोट तो हाताने सपाट करायचा, कोपरा मुडपलेला असला तर सरळ करायचा, मग खाली ठेवायचा. सदतीसला तो थांबला.

"सदतीस म्हणालो का अडतीस?"

"अडतीस!"

"खात्री नाही. परत मोजतो. सरकारी परवान्याचा खेळ आहे, चुकून चालणार नाही. एक. दोन."

आता माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षं हा माणूस दलाच्या वर्गणीचे पैसे मोजतोय, झोपेतसुद्धा चुकायचा नाही. मला रडू फुटायला आलं आणि रागही आला. "लाइल, हे बरोबर नाही," मी हळूच म्हटलं.

"अकरा," तो म्हणाला. "बोलू नकोस, मोजणी चुकते."

तो बावन्नला पोचला तेव्हा व्हर्लिन चान्झ मोठ्याने म्हणाला, "अरे, साडेपाच होत आले! तिची दुधाची वेळ पाचची."

आणि हेडविग हंबरली.

कास भरून आली की गाईला बसवत नाही. ती आधी मागच्या पायांवर उठली, मग पुढच्या. उभी राहिली. व्हर्लिनच्या दिशेने दोन पावलं आली. थांबली. शेपूट उचललं.

"पंचावन्न," लाइल म्हणाला, आणि नोट हातातच राहिली.

थप्प.

एक क्षण कुणालाच विश्वास बसला नाही. मग जो काही कल्ला उठला! टोप्या उडाल्या, माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली, आणि आमच्याकडे माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत हो. एक म्हातारा तर आत धावत जाऊन त्या शेणाकडे बोट दाखवून "दोनशे सत्याऐंशी! दोनशे सत्याऐंशी!" असं नाचायला लागला. त्याचा नव्हता तो चौकोन. तो होता वॉल्डेमार नावाच्या एकाचा, जो त्या दिवशी तळ्यावर मासे पकडायला गेला होता आणि ज्याला कुत्री अजिबात आवडत नाहीत. त्याने अडीच हजार पुढच्याच सोमवारी खिशात घातले आणि होडीला नवं इंजिन घेतलं. सुखी राहो तो.

पण तेव्हा मी टेबलाला धरून उभी होते. "लाइल," मी म्हटलं, "पाच वाजून गेले होते. आणि मी परतावा मागितला होता."

"मागितला होतास," तो म्हणाला. "हातात पडला का?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामे होते.

"मग खेळ चालू होता," असं म्हणून त्याने पंचावन्नच्या पंचावन्न नोटा पेटीत टाकल्या आणि झाकण लावलं. "नियम मीच लिहिलाय."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तीन महिन्यांचा दगड छातीवरून उतरला. मी तिथेच गवतात बसले. कोरिन गर्दीतून धावत आली. मला वाटलं आता चांगली सुनावणार, आणि सुनावायलाच हवं होतं तिने.

"कोरिन, मी फार वाईट बोलले गं," मी म्हटलं. "माझीच पाटी, आणि तुलाच..."

"गप्प बस," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. "टाकी झाली आपली. झाली ना?"

"झाली," मी म्हटलं, आणि मला हुंदका आला. एक आला, मग आवरेचना. नवऱ्याच्या अंत्यविधीला मी रडले नव्हते, आणि इथे भर मैदानात, ताज्या शेणाच्या वासात, लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडायला लागले.

आमच्या गावात चारचौघांत कुणी रडलं की त्याच्याकडे बघत नाहीत. चारशे माणसांनी एकदम माना वर केल्या आणि आभाळाकडे बघायला लागली. आभाळ निळंशार होतं, एक ढग नव्हता. "पाऊस येईलसं दिसतंय," ऑर्फा आजी म्हणाल्या. "हो, पश्चिमेकडून वाटतोय," व्हर्लिन म्हणाला. आणि माझं रडू थांबेपर्यंत सगळं गाव तसंच उभं राहून, मोठमोठ्याने, त्या न येणाऱ्या पावसाबद्दल बोलत राहिलं.